मागच्या दाराचं कुलूप : सिस्टरांच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार सिस्टर,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वॉर्डात खाटांच्या दुप्पट पेशंट असतात, निम्मे खाली गादीवर. मागचं दार उघडं ठेवलं तर रात्री कोणीही शिरतं, बाळ पळवलं जाण्याची धास्ती असते. म्हणून कुलूप लागतं, आणि ‘आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा’ असं लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी एक रात्रपाळी करून बघावी. तुमचा राग रास्त आहे. कुलूप मात्र मला अजिबात मान्य नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. १० गेली. जी ७ वाचली ती शेजारच्या खोलीतली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले ११ रुग्ण गेले. अशा आगीत ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो, दिवे जातात, आणि पेशंटला स्वतः उठून पळता येत नाही. त्याला खाटेसकट, सिलिंडरसकट न्यावं लागतं, तेही लिफ्ट न वापरता. म्हणूनच अतिदक्षता विभागात पहिली धाव जिन्याकडे नसते. आधी त्याच मजल्यावर, अग्निरोधक दारापलीकडच्या भागात पेशंट हलवायचे असतात. ते दार वीट लावून उघडं ठेवलं तर धूर पलीकडे जातो, कुलूप घातलं तर माणूस जात नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत रुग्णालयाचा जिना किमान २ मीटर रुंद सांगितलाय. वळणावर सलाईनची खोकी रचल्यावर त्यातून स्ट्रेचर कसं वळवणार?

बाळ पळवण्याची भीती खरी आहे. तिच्यावर उपाय आहे पॅनिक बार: बाहेरून दार उघडत नाही, आतून आडव्या दांड्यावर जोर दिला की लगेच उघडतं. सोबत अलार्म लावला तर दार उघडताच नर्सिंग स्टेशनवर घंटा वाजते. बाळ घेऊन जाणारा तिथेच कळतो. कुलपाची किल्ली मात्र रात्री दोन वाजता कोणाच्या खिशात असते, हे तुम्हीच मला सांगा.

गाद्यांचं म्हणाल तर पेशंट परत पाठवा असं मी कधीच म्हणणार नाही. गाद्या कॉरिडॉरच्या एकाच बाजूला घाला, दुसरीकडून एक खाट ढकलत नेता आली पाहिजे. दारासमोर आणि जिन्याच्या चौकात मात्र काहीच नको. तिथे मी एक बादलीसुद्धा चालवून घेणार नाही.

खरी अडचण पेशंटची नाहीच, मोडक्या सामानाची आहे. तुटका पलंग डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे सरकारी सामानाच्या नोंदवहीत असतो, निर्लेखनाची (वहीतून नाव कमी करण्याची) मंजुरी आल्याशिवाय तो भंगारात निघत नाही, तोवर मागच्या दाराला टेकून उभा राहतो. हे काम तुमचं नाही, प्रशासनाचं आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची (भोगवटादाराची) आहे. आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तेव्हा मेट्रनमार्फत (परिचारिकांच्या प्रमुखांमार्फत) सिव्हिल सर्जनना, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांना लेखी द्या: कोणतं दार, त्याच्यासमोर काय पडलंय, किल्ली कोणाकडे. पोच घ्या. मंजुरी येईपर्यंत ते सामान आवारातल्या एखाद्या शेडखाली हलवा, त्याला निर्लेखन लागत नाही. पत्राचा मसुदा हवा असेल तर कळवा, मी लिहून देतो.