मिच पंधरा वर्षांनी मोठा झाला, मी तीस

आधीच सांगते, खाली अमेरिकन लेखक जॉन ग्रिशमचं ‘द फर्म’ आणि त्याचा पुढचा भाग ‘द एक्स्चेंज’, या दोन्ही पुस्तकांचं कथानक बऱ्यापैकी फुटणार आहे. ज्यांना ‘द एक्स्चेंज’ कोऱ्या पाटीने वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर कमेंटमध्ये येऊन भांडायचं नाही.

आमच्या वाचनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले पंधरा दिवस या पुस्तकावरून जुंपली आहे. एक काका म्हणतात, लेखकाने म्हातारपणी स्वतःचंच जुनं नाव विकून खाल्लं. त्यांना उत्तर देणाऱ्या वहिनी म्हणतात, दोन रात्रींत संपवलंत ना, मग तक्रार कसली? एकाने ‘यात कोर्ट कुठाय?’ एवढंच लिहून तीन रागावलेले चेहरे टाकले. आणि एका मैत्रिणीने अगदी निरागसपणे लिहिलं, ‘मला तर फारच आवडलं. मी पहिलं वाचलेलं नाही.’ सगळ्या भांडणाची चावी मला वाटतं याच वाक्यात आहे, पण त्यावर कुणी थांबलंच नाही.

‘द फर्म’ आलं १९९१ साली. मी ते वाचलं १९९४ मध्ये, पुण्यात, फुटपाथवरून घेतलेली पिवळ्या पानांची प्रत, शेवटची चार पानं सुटी. लॉ नुकतं झालं होतं आणि एका सिनियरकडे ज्युनियर म्हणून बसायला लागले होते. सिनियर महिन्याला पाचशे रुपये द्यायचे, तेही आठवण केल्यावर. काळा कोट माझ्या भावाच्या पैशाने शिवला होता. आणि इकडे हा मिच मॅकडिअर! हार्वर्डहून नुकता बाहेर पडलेला पोरगा. मेम्फिसची एक फर्म त्याला वर्षाला ऐंशी हजार डॉलर देते, वर काळी बीएमडब्ल्यू, घरासाठी कमी व्याजाचं कर्ज, शिक्षणाचं कर्जही फेडून टाकते. मी जळून खाक. शंभर पानांनंतर कळतं की फर्मचा खरा मालक शिकागोचा माफिया आहे, आणि इथून जिवंतपणी नोकरी सोडून कुणी गेलेलं नाही. तेव्हा कुठे माझ्या पाचशे रुपयांवर माझं प्रेम बसलं.

त्या पुस्तकाने मला का धरलं, हे तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, त्यातली भीती कागदाची होती. गोळीबार, पाठलाग आहे, नाही असं नाही. पण छाती धडधडते ती फायली पळवून त्यांच्या प्रती काढताना. टॅमी नावाची ती बाई झेरॉक्स मशीनपुढे उभी राहून कागदामागून कागद काढत असते आणि आपण इकडे घड्याळाकडे बघत असतो. रात्री उशिरापर्यंत झेरॉक्सच्या दुकानात दाव्याच्या प्रती काढायला उभं राहिलेल्या कुठल्याही ज्युनियरला ते थेट भिडणार. पुढे सिनेमा आला, १९९३ चा, टॉम क्रूझचा. त्याचा शेवट बदललेला आहे. तिथे मिच अशिलांना लावलेल्या फुगीव बिलांवर बोट ठेवून फर्मला अडकवतो आणि बायकोला घेऊन बोस्टनला परततो. पुस्तकात मात्र तो फर्मच्याच केमन बेटांवरच्या खात्यातून पैसे काढून फरार होतो. हे मुद्दाम सांगते आहे, कारण नवं पुस्तक जुन्या पुस्तकाचा धागा धरतं, सिनेमाचा नाही. आमच्या ग्रुपवरचे निम्मे लोक ‘अरे पण तो तर बोस्टनला गेला होता ना?’ इथेच अडकून बसले होते.

आता ‘द एक्स्चेंज’. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं, म्हणजे पहिल्यानंतर बत्तीस वर्षांनी. मुखपृष्ठावर नावाखाली ‘आफ्टर द फर्म’ असंही लिहिलंय. कथेतली तारीख मात्र २००५. म्हणजे मिच पंधरा वर्षांनी मोठा झालाय, एकेचाळीस वर्षांचा. मी ते वाचलं तेव्हा माझी तीस वर्षं गेली होती. चष्म्याचे दोन नंबर झालेत, सिनियर वारले, मुलगी मुंबईत एका मोठ्या फर्ममध्ये लागली. आणि मिच? न्यूयॉर्कला जगातल्या सगळ्यात मोठ्या म्हणवणाऱ्या फर्ममध्ये भागीदार, जुळी मुलं, बायको पाककृतींच्या पुस्तकांची संपादक. सुखी माणूस. थ्रिलरमध्ये सुखी माणूस दिसला की वाचकाने सावध व्हावं, पण लेखकानेही व्हावं.

सुरुवातीला तो एका फाशीच्या कैद्याच्या कामासाठी मेम्फिसला परत जातो. इथे आपण सगळे खुर्चीत सरसावून बसतो. आता जुनं भूत उठणार! आणि तो धागा लवकरच तुटतो. मग कथा निघते लिबियाला. गद्दाफीच्या सरकारने एका तुर्की कंपनीकडून वाळवंटात अवाढव्य पूल बांधून घेतलाय आणि बिल थकवलंय. कंपनीचं वकीलपत्र मिचच्या फर्मकडे. पाहणीसाठी त्रिपोलीला गेल्यावर मिच आजारी पडतो आणि त्याच्याऐवजी पुढे गेलेली तरुण वकील जोव्हाना पळवली जाते. सोबतचे सुरक्षारक्षक मारले जातात. खंडणी दहा कोटी डॉलर. बाकीचं पुस्तक म्हणजे हे पैसे कोण देणार याची धावाधाव.

लिबियाची निवड काही उगीच केलेली नाही. लॉकरबी प्रकरणानंतर, म्हणजे १९८८ मध्ये विमानात झालेल्या बॉम्बस्फोटानंतर, लागलेले संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध २००३ मध्ये उठले आणि परदेशी कंपन्यांची तिथे रीघ लागली. वाळवंटाखालचं पाणी चार-चार मीटर व्यासाच्या पाइपांतून किनाऱ्याकडे आणणारी गद्दाफीची ‘मानवनिर्मित महानदी’ तर खरीच आहे, १९८४ पासूनची. हुकूमशहाला आपलं नाव काँक्रीटमध्ये हवं असतं आणि ठेकेदाराचं बिल त्याला नकोसं असतं. यातलं दुसरं अर्धं समजायला लिबियाला जायची गरज नाही. आपल्याकडच्या कुठल्याही छोट्या ठेकेदाराला विचारा.

ग्रुपवरच्या नाराज मंडळींचं म्हणणं असं की, यात थरार कमी आणि लवाद (कोर्टाऐवजी पंचांपुढे चालणारा दावा), करार, बैठका फार. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. यात लवाद फार कमी आहे हो! हातात एवढा सुंदर दिवाणी दावा असताना या माणसाने मध्येच बंदूकवाले आणून तो बाजूला सारला.

हसू नका. वसुली ही किती थरारक गोष्ट असते ते बघायचं तर आपल्याच सरकारचं उदाहरण आहे. २०१२ च्या पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू केलेल्या, कर दुरुस्तीतून पेटलेल्या वादात केर्न या ब्रिटिश तेल कंपनीला डिसेंबर २०२० मध्ये भारताविरुद्ध एक अब्ज वीस कोटी डॉलरचा निवाडा मिळाला. सरकार देईना. मग कंपनीने देशोदेशी भारताची मालमत्ता शोधायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या कोर्टात एअर इंडियालाच ओढलं, का तर म्हणे ही कंपनी आणि भारत सरकार एकच. पॅरिसमधल्या भारत सरकारच्या वीसेक मिळकतींवर फ्रेंच कोर्टाचा हुकूम आणला. त्या दिवसांत मी रोज सकाळी पेपर उघडून आधी तीच बातमी शोधायची. आज काय, विमान जप्त? उद्या वकिलातीच्या खुर्च्या? शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये कायदाच मागे घेतला आणि पुढे सुमारे ७,९०० कोटी रुपये परत गेले. एकही गोळी नाही, एकही अपहरण नाही. गद्दाफीच्या मागे अशी जप्ती लावलेला ग्रिशम मला वाचायचा होता.

आमच्या कोर्टातले एक निवृत्त शिरस्तेदार (कोर्टाच्या कचेरीतले मुख्य कारकून) काका आहेत, संध्याकाळी कट्ट्यावर भेटतात. त्यांना ही कथा सांगितली. सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, ‘ताई, म्हणजे हुकूमनाम्याचं सोडून दिलं आणि दरखास्तीचंही नाही लिहिलं?’ बिगरवकिलांसाठी सांगते, दावा जिंकल्यावर कोर्ट देतं तो हुकूमनामा, आणि तो प्रत्यक्षात बजावून घेण्यासाठी करायचा अर्ज म्हणजे दरखास्त. इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हा हिंदुस्थानातली शेवटची अपिलं जिथे जायची त्या न्यायपीठाने, १८७२ मध्ये दरभंग्याच्या एका प्रकरणात म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं झाली, काकांनी त्यातली चाळीस बाकाजवळ बसून बघितली आहेत.

तरीही ‘नाव विकून खाल्लं’ हे मला पूर्ण पटत नाही. खंडणीसाठी पैसे गोळा करायचा भाग अनेकांना रटाळ वाटला. मला तोच आवडला. मिच सरकारांकडे जातो, विमावाल्यांकडे जातो, आणि शेवटी स्वतःच्या फर्मच्या भागीदारांपुढे उभा राहतो. कोट्यवधी कमावणारी ही मंडळी, मुलगी आपल्याच ऑफिसची, आणि स्वतःच्या खिशात हात घालायची वेळ आली की एकेकाचा चेहरा बघा. माझ्या मुलीला फोनवर विचारलं, तुला कसं वाटलं? ती म्हणाली, ‘आई, तो मीटिंगचा प्रसंग मी दोनदा वाचला. सगळे ओळखीचे निघाले.’ पहिल्या पुस्तकातली फर्म गुंडांची होती म्हणून वाईट होती. इथली फर्म कायद्याने चालते, कुणाला मारत नाही, आणि तरी अंगावर शहारा येतो. या प्रसंगात ग्रिशमचा जुना हात दिसतो. दुर्दैवाने तिथवर पोचेपर्यंत बऱ्याच जणांनी पुस्तक खाली ठेवलेलं असतं.

बिघडलं कुठे, तर मिचमध्ये. १९९१ चा मिच अडकलेला होता. पगार, गाडी, घर या त्याच्याच हावेच्या दोरीने बांधलेला. त्याला राजीनामा देता येत नव्हता, हीच तर सगळी गोष्ट होती. २००५ चा मिच कधीही राजीनामा देऊ शकतो. त्याच्या घरापर्यंत धोका येतो खरा, पण पाठीशी पैसा आहे, विमानं आहेत, माणसं आहेत. जिवावर बेतलंय ते जोव्हानाच्या. मग मला मिचच्या मागे विमानतळामागून विमानतळ का पळवताय? हेच पुस्तक दुसऱ्या कुठल्या वकिलाच्या नावाने आलं असतं तर ‘बरं आहे, प्रवासात चालेल’ म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. मिचचं नाव घातलं की लोक तीस वर्षांचा हिशेब मागतात, आणि मला ते रास्त वाटतं.

मिचला परत आणायचा प्रयत्न आधीही झाला होता. २०१२ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘द फर्म’ची मालिका आली, मेम्फिसनंतर दहा वर्षांची गोष्ट. एका हंगामात गुंडाळली.

ग्रुपवर कुणीतरी म्हणालं, मग सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासची पुस्तकं आपण एकामागून एक कशी वाचायचो, तेव्हा नाही हिशेब मागितला? मुद्दा चांगला आहे. पण ते म्हणजे ओळखीच्या खानावळीत जाण्यासारखं. काय मिळणार ते माहीत, म्हणूनच जायचं. अमर विश्वास आपल्याला मध्ये कधी विसरूच देत नव्हता. बत्तीस वर्षांनी दार वाजवणाऱ्या माणसाला मात्र आपण आधी आपादमस्तक न्याहाळतो. ग्रिशमला हे जमत नाही असंही नाही. १९८९ च्या पहिल्या कादंबरीतला वकील जेक ब्रिगन्स त्याने २०१३ मध्ये, चोवीस वर्षांनी परत आणला, तोही त्याच गावात, त्याच कोर्टात, एका हस्तलिखित मृत्युपत्राच्या वादात. पुन्हा कागदच! ते पुस्तक, ‘सिकॅमोर रो’, मी आजही कुणालाही देईन. मेहता प्रकाशनाकडून ग्रिशम मराठीत बराच आलाय, त्यामुळे इंग्रजीचा कंटाळा असणाऱ्यांनाही सबब नाही.

तर ‘एक्स्चेंज’ घ्यावं का? पहिलं वाचलं नसेल तर बिनधास्त घ्या, त्या मैत्रिणीसारखी मजा येईल. वाचलं असेल तर कुणाकडून तरी मागून वाचा. माझी प्रत सध्या शिरस्तेदार काकांकडे आहे, रोज पाच पानं वाचून ‘पैसे आले का त्या तुर्क्याचे?’ एवढंच विचारतात.

आता थांबते. उद्या सकाळी अकराला २००९ च्या हुकूमनाम्याची दरखास्त आहे. प्रतिवादी गेल्या महिन्यात वारले, वारस रेकॉर्डवर घ्यायचेत. सहा आहेत, त्यातला एक दुबईला.