आर्म, आर्म्स आणि बंडीचे आरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ नमस्कार, तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली पण कापूस वेचणी सुरू आहे, मजुरांच्या हिशोबात उत्तर राहून गेलं. तुमचं म्हणणं असं की इंग्रजीतल्या आर्म (हात) आणि आर्म्स (हत्यारं) या शब्दांवरच्या लेखात मी "हात हत्यार धरतो म्हणून आर्मचं आर्म्स झालं" लिहिलं ते चूक, दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि खेड्यातल्या पोरांना हे मुळंबिळं सांगण्यापेक्षा अर्थ पाठ करून घ्यावेत.

पहिली गोष्ट मान्य. हातवाला आर्म जुन्या इंग्रजीतला घरचाच शब्द, आणि हत्यारवाला लॅटिनच्या 'आर्मा'वरून फ्रेंचमार्गे आलेला. मी घाईत लिहून गेलो, चूक माझी. पण काही संबंध नाही हे मले पटलं नाही. आणखी मागं गेलं तर भाषेचे अभ्यासक दोघांनाही एकाच मुळाशी नेतात, अर्थ जोडणं, नीट बसवणं. खांद्यात बसवलेला तो हात आणि अंगावर चढवायचा सरंजाम तो आर्मा. त्याच मुळातला संस्कृत 'अर', म्हणजे आपल्या बंडीच्या, बैलगाडीच्या, चाकाचा आरा!

आमच्या अंगणात आजोबांची बंडी पडून आहे, चाकाचा एक आरा निखळलेला, तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल लाकडात, त्याची खाच मोकळी दिसते. संध्याकाळच्या क्लासच्या पोरांना मी तिथं नेलं, एकानं खाचेत बोटं घालून पाहिली, मग दुसऱ्या हातानं स्वतःचा खांदा चाचपला अन म्हणाला, सर हे बी असंच बसवलं हाय. आता त्याले काय पाठ करायला सांगू?

आणि आर्मा म्हणजे फक्त तलवारी-भाले नव्हते, अवजारं पण होती. व्हर्जिल हा रोमन कवी, 2000 वर्षांपूर्वीचा, शेतीवरच्या काव्यात शेतकऱ्याचे 'आर्मा' सांगतो तर काय सांगतो, नांगर, फाळ, हळू चालणाऱ्या गाड्या. आपण दसऱ्याला हत्यारं पुजतो तेव्हा पाटावर काय असतं, इळा, कुऱ्हाड, खुरपं, सब्बल. आमच्या घरी तर तलवार कधी नव्हतीच, तरी आजी हत्यारंच म्हणायची. हत्यार शब्दातही हात आहेच की, म्हणजे मी जो संबंध इंग्रजीत लावला तो मराठीत खरा आहे, माझा घोटाळा तिथूनच झाला.

पाठांतराचं सांगतो. भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं "पोलिसांनी त्याचे आर्म्स जप्त केले" याचं भाषांतर "त्याचे हात जप्त केले" असं केलं. बाकीचे हसले, तो नंतर आठ दिवस वर्गात बोलला नाही. त्याला आर्म म्हणजे हात हे पाठच होतं ना भाऊ! त्याला कोणी सांगितलं नव्हतं की हत्याराच्या अर्थानं हा शब्द बहुतेक अनेकवचनातच येतो, एका बंदुकीला नुसतं 'आर्म' म्हणत नाहीत, फायरआर्म म्हणतात. वाक्यात जप्त, लायसन्स, 1959 चा आर्म्स अ‍ॅक्ट असं काही दिसलं की हात नाहीच.

हेच पोट्टे पहाटे पाचला मोबाईलच्या अलार्मवर उठून रोडवर धावतात. तो अलार्म पण यातलाच, इटालियन "ऑल आर्मे", हत्यारं उचला अशी हाक. आर्मी तिथलीच. सैन्यात 'आर्म' म्हणजे लढणारी शाखा सुद्धा, पायदळ, तोफखाना वगैरे, रसद पुरवणाऱ्या त्या सर्व्हिसेस. कामठीच्या लष्करी छावणीत जाऊन भरती व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या पोराला हे कळायलाच पाहिजे असं मला वाटतं. खुर्चीचा आर्म, समुद्राचा आर्म (जमिनीत शिरलेला फाटा) हे मात्र एकदा हात समजला की आपोआप समजतात, त्यावर मी वेळ घालवत नाही.

लेखातलं ते वाक्य आज रात्री काढतो आणि चूक तुम्ही दाखवली असं खाली लिहितो. तुमच्याकडं आऱ्याला दुसरं काही नाव असलं तर तेवढं कळवा.