वादळ आले की शटर उघडा म्हणे!

"पत्र्याच्या शेडच्या सात युक्त्या, ज्या ठेकेदार तुम्हांला कधीच सांगणार नाही" असा एक संदेश गेल्या पंधरवड्यात माझ्या फोनवर चार वेगवेगळ्या गटांतून आला आणि चारही वेळा मी तो वाचून सोडून दिला. पाचव्या वेळी तो माझ्या मेव्हण्याने पाठवला आणि खाली लिहिले, "दाजी, आजच वॉचमनला सांगून ठेवले आहे." मेव्हण्याची सांगलीच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत लेथकामाची शेड आहे, तिची दोन्ही मोठी शटर पश्चिमेच्या एकाच भिंतीत आहेत, आणि वॉचमनला सांगून ठेवले होते ते हे की वळवाचे वादळ उठताच दोन्ही शटर सताड उघडायची. आता गप्प बसणे शक्य नाही.

संदेशातला हा पहिलाच मुद्दा आहे: "बंद शेडमध्ये हवा कोंडते आणि छप्पर वर ढकलते, शटर उघडले की वारा आरपार जातो व दाब समान होतो." वाचायला हे पटण्यासारखे वाटते, हीच त्यातली मेख आहे. छप्पर उचलले जाते ते कोंडलेल्या हवेमुळे नव्हे. पत्र्यावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वरच्या बाजूने ओढतो म्हणून. शेड बंद असेल तर आतल्या दाबाची त्यात फारशी भर पडत नाही. वाऱ्याच्या तोंडावरचे शटर उघडले की मात्र वारा आत घुसतो आणि मागच्या भिंतीत त्याला बाहेर पडायला तेवढी वाट नसल्यामुळे तो आतून पत्र्याला रेटू लागतो. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकाच दिशेने.

हे माझे मत नाही. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, आतल्या दाबाचा गुणांक, म्हणजे वाऱ्याच्या दाबाच्या किती पट दाब आतून धरायचा तो आकडा, भिंतीतल्या उघड्या भागावरून ठरवते: उघडा भाग भिंतीच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ०.२, ५ ते २० टक्के असेल तर ०.५ आणि त्याहून अधिक असेल तर ०.७. याच मानकाच्या यादीत पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिला आहे. उदाहरणापुरता तोच घेऊ आणि उंची, भूप्रदेश इत्यादींचे गुणक एक धरू. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो, तो किलोच्या भाषेत चौरस मीटरला साधारण ९३ किलो येतो. पाच अंश उताराच्या छपराला वाऱ्याच्या बाजूने ०.९ गुणांकाची ओढ बसते. शटर बंद असताना ०.९ आणि ०.२ मिळून १.१, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १०२ किलो. शटर उघडल्यावर ०.९ आणि ०.७ मिळून १.६, म्हणजे सुमारे १४९ किलो. छप्पर वाचवण्याच्या नावाखाली त्याच्यावरचा भार जवळजवळ दीडपट केला. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाच किलोही भरत नाही, हेही येथेच लक्षात घ्यावे.

१९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा अभियंत्यांच्या पाहणीत हेच दिसले होते: खिडक्या फुटल्या, वारा आत शिरला, आतला दाब वाढला आणि छपरे गेली. तिथे खिडक्या वादळाने फोडल्या. आपण शटर हाताने उघडणार!

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. उघडा भाग केवळ वाऱ्याच्या पाठीकडच्या भिंतीत असेल तर आतला दाब उतरतो आणि छपराला थोडा दिलासा मिळतो. परंतु वळवाचा वारा दिशा सांगून येत नाही, दहा मिनिटांत फिरतो, आणि ज्याची दोन्ही शटर एकाच भिंतीत आहेत त्याने हा जुगार खेळूच नये.

दुसरी युक्ती पैसे वाचवण्याची आहे: "जाड पत्रा घ्या आणि एकाआड एक स्क्रू मारा, निम्मे स्क्रू वाचतात." पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, १.४ मीटरवर आणि स्क्रू २५ सेंटिमीटरवर असतील तर एका स्क्रूच्या वाट्याला ०.३५ चौरस मीटर पत्रा येतो, म्हणजे वरच्या हिशेबाने सुमारे ३५ किलोची ओढ. एकाआड एक मारल्यास ती ७० किलो होते, आणि त्यात शटर उघडले तर शंभरी ओलांडते. कडेच्या, कोपऱ्याच्या आणि रिजजवळच्या, म्हणजे छपराच्या माथ्याजवळच्या, पत्र्यांना तर मधल्या भागापेक्षा बरीच जास्त ओढ बसते, म्हणून तिथे स्क्रू वाढवायचे असतात. स्क्रू पर्लिनमधून उपटून येतो असा अनेकांचा समज आहे. पुष्कळदा स्क्रू जागेवरच राहतो आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी पत्रा वर-खाली होतो, स्क्रूभोवती बारीक चिरा पडतात, भोक लांबट होते आणि एका वळवात पत्रा सुटतो. डार्विनमध्येही स्क्रूभोवतीच्या याच चिरा सापडल्या होत्या. जुन्या शेडवर चढून पाहिल्यास वायसरच्या कडेने चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे घाण नव्हे, तडा असतो.

"वाळूच्या पिशव्या किंवा जुने टायर ठेवले की पत्रा हलत नाही," या युक्तीला हिशेबच पुरे आहे. चौरस मीटरला १०२ किलोची ओढ वजनाने दाबायची तर प्रत्येक चौरस मीटरवर सिमेंटच्या पोत्याएवढ्या दोन पिशव्या लागतील. आणि जिथे दुरुस्तीपलीकडे कोणी चढत नाही अशा कमी उताराच्या छपरासाठी याच मानकाचा दुसरा भाग चौरस मीटरला ७५ किलोच्या आसपास चालता भार, म्हणजे माणसे-सामानाचा वरून पडणारा भार, धरतो. म्हणजे पत्रा वाऱ्याने उडाला नाही तर पिशव्यांनी खाली येईल. शिवाय पिशवीखाली ओल साठून पत्रा तिथेच आधी सडतो.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. सिलिकॉनने सगळी गळती थांबते, हे खोटे आहे; स्क्रू आवळून आवळून रबरी वायसर बाहेर फुगवला असेल तर तो उन्हात तडकणारच, आणि वर सिलिकॉन थापणे म्हणजे दर पावसाळ्याचे व्रत घेणे होय. वायसरचे रबर धातूच्या टोपीखालून किंचित डोकावेल इतकेच आवळावे. गॅल्व्हल्यूमला गंज चढत नाही म्हणून तो ग्राइंडरने कापावा, हेही चूक आहे: त्यावरचा ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेल्यात मुख्यतः जस्त असलेला थर ग्राइंडरच्या उष्णतेने कडेला जळतो, आणि पत्र्यावर उडालेला लोखंडी कीस पहिल्या दवात तांबडा होतो. कात्रीने किंवा निबलरने, म्हणजे पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने, कापावे आणि संध्याकाळी छप्पर झाडून उतरावे.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, खोलगट भागात नाही, हा मुद्दा अर्धा खरा आहे. पाणी खोलगट भागातून वाहते, त्यामुळे उंचवट्यावरचे भोक कमी गळते. पण उंच घडीच्या पत्र्याला उंचवट्याखाली आधार नसतो, स्क्रू आवळला की तो दबतो. म्हणून त्या विशिष्ट पत्र्यासोबत उत्पादकाने दिलेला आराखडाच पाळावा. फुकटची आणि खरोखर उपयोगी गोष्ट मात्र या सातांत कुठेच नाही: आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पत्रे पूर्वेच्या टोकापासून टाकत यावे, म्हणजे लॅपचे, एका पत्र्यावर दुसरा चढतो त्या सांध्याचे, तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

सातवी युक्ती, "अनुभवी कामगाराला बेल्ट लागत नाही," वाचून मात्र डोके फिरले. उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर धूळ बसली की तो शेजारच्या लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो, आणि त्यावर पाय पडला की अनुभव वर राहतो, माणूस खाली जातो. उंचीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमातच केलेली होती.

मेव्हण्याने विचारले, "मग वादळात करायचे तरी काय?" शटर खाली घ्यायची, दोन्ही बाजूंच्या कड्या लावायच्या, पट्ट्या चॅनेलमधून निसटत असतील तर आजच चॅनेल दुरुस्त करायचे आणि माणसांना पत्र्याखालून काढून स्लॅबच्या ऑफिसात बसवायचे. रविवारी मी त्याच्या शेडवर गेलो. पश्चिमेच्या कडेच्या दोन्ही ओळींत स्क्रू आधीपासूनच एकाआड एक होते. बाकीचे त्याने दुसऱ्या दिवशी मागवले. वॉचमनच्या खोलीतल्या फळ्यावर खडूने लिहिलेली "वादळ आले की शटर उघडणे" ही ओळ मात्र मी शिडीला हात लावण्यापूर्वीच पुसायला लावली.