पांढऱ्या बशीची माती कुठली?

आपल्याकडच्या सिरॅमिक व्यवसायात एक जुना वाद अधूनमधून डोके वर काढतो: पांढऱ्या कपबशांसाठी माती देशातली वापरावी की बाहेरून आणावी? केरळात थोनक्कलची चिनी माती (केओलिन) आणि राजस्थानात बिकानेरची बॉल क्ले, म्हणजे घडवायला सोपी अशी चिकट माती, असताना परकीय चलन अक्षरशः मातीत का घालायचे, असे एक बाजू विचारते. भाजल्यावर देशी मातीला पिवळसर झाक येते, असे दुसरी सांगते.

मी राहतो ते इंग्लंडमधले स्टोक-ऑन-ट्रेंट पांढऱ्या भांड्यांसाठी जगभर ओळखले जाते, पण इथली स्वतःची माती भाजल्यावर लाल होते आणि तिच्या विटा-कौले होतात. चिनी माती देशाच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलहून येते, बॉल क्ले डेव्हन आणि डॉर्सेटहून. इथे मुबलक होता तो कोळसा, आणि भट्ट्यांना मातीपेक्षा कितीतरी अधिक कोळसा लागत असल्यामुळे माती कोळशाकडे आली. इथला अठराव्या शतकातला नामांकित भांडी-कारखानदार जोसाया वेजवूड याने तर 1767 मध्ये चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांच्या प्रदेशातली पांढरी माती आणण्यासाठी अमेरिकेत माणूस धाडला होता. काही टन माती आलीही, पण ती फार महाग पडली. पुढे 1775 मध्ये कॉर्नवॉलच्या मातीवरची पेटंटची मक्तेदारी सैल झाली आणि तो तिकडे वळला. यात स्वदेशाभिमान कितपत होता कोण जाणे, हिशेब मात्र चोख होता.

पिवळेपणाचे कारण लोह आणि टायटॅनियम यांची ऑक्साइडे. दोन मातींच्या टिकल्या एकाच भट्टीत शेजारी-शेजारी भाजल्या की जास्त लोहाची टिकली हस्तिदंती दिसते, आणि माती नीट चाळलेली नसेल तर तपकिरी ठिपकेही उमटतात. यातला बराच दोष माती धुऊन, चुंबकीय विलगीकरणाने आणि रासायनिक विरंजनाने घटवता येतो. कॉर्नवॉलची मातीही खाणीतून निघते तशी विकली जात नाही. वेगवेगळ्या खड्ड्यांतली माती धुऊन, मिसळून ठरावीक प्रतीची केली जाते, म्हणून या महिन्याची स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) मागच्या महिन्यासारखीच वागते. कारखानदार पैसे मोजतो ते या भरवशाचे, आणि आपल्याकडे ट्रकागणिक बदलणाऱ्या मातीने तोच डळमळतो, असे माझे मत आहे.

शिवाय सगळ्या मालाला सारखी शुभ्रता लागत नाही. वॉश बेसिन आणि कमोडवर झिरकॉन या खनिजाचे अपारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढते, तेव्हा खालची माती किंचित पिवळी असली तरी कोणाला दिसत नाही. तिथे आयात मातीचा आग्रह म्हणजे उधळपट्टी. बोन चायनाची गोष्ट वेगळी. त्यात साधारण निम्मी हाडांची राख आणि पाव हिस्सा चिनी माती असते, वरचे ग्लेझ पारदर्शक असते आणि पातळ कडेतून उजेड आरपार जातो, त्यामुळे काहीच लपत नाही. तेवढा पाव हिस्सा तूर्त बाहेरून आणू द्यावा, त्यावर जकात वाढवू नये. आणि देशी खाणमालकांनी प्रत्येक खेपेसोबत लोह, टायटॅनियम आणि भाजल्यानंतरचा रंग यांचे आकडे लेखी द्यायला सुरुवात करावी.