सहा जणांची फाशी आणि एक फॉरवर्ड

‘कैद्यांना सोडवणाऱ्या संस्थांना देणगी म्हणजे गुन्हेगार पोसणं’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. या संस्था म्हणजे चुकीने शिक्षा झालेल्यांचे खटले पुन्हा लढवणाऱ्या. त्यातले मुद्दे चार. निरपराध माणूस तीन कोर्टांत कुठेतरी सुटतोच. गरिबाला सरकार फुकट वकील देतं. सुटणारे ‘पुराव्याअभावी’ सुटतात. आणि द्यायचाच तर पैसा पीडितांना द्या.

आधी तीन कोर्टं. जून 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका वस्तीवर दरोडा पडला, पाच खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. चूक सापडणं राहिलं बाजूला, शिक्षाच वाढली! या सहा जणांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे 2012 मध्ये ठरलं. मग 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम केला, की फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका, म्हणजे आपलाच निकाल पुन्हा तपासा अशी न्यायालयाला केलेली विनंती, खुल्या न्यायालयात ऐकायची. त्याआधी ती न्यायाधीशांच्या दालनातच निकालात निघायची. या सहा जणांचं प्रकरण पुन्हा उघडलं आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. तेव्हा कैदेला सोळा वर्षं होत आली होती.

फुकट वकिलाचं कागदावर खरं आहे. राज्यघटनेचं कलम 39अ आहे, 1987 चा विधी सेवा कायदा आहे, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. पण वकील मिळणं आणि खटला खणून काढणं यात फार अंतर आहे. जुने जबाब मिळवायचे, सर्टिफाइड कॉप्या काढायच्या, मराठी कागद सर्वोच्च न्यायालयासाठी इंग्रजीत आणायचे, वयाच्या पुराव्यासाठी शाळेचं रजिस्टर शोधायला दुसऱ्या राज्यात जायचं, तुरुंगात मुलाखतीला पुन्हा पुन्हा खेटे घालायचे. देणगी जाते ती इथे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालात फाशीचे सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. हा खर्च ते कुठून करणार?

‘पुराव्याअभावी’ हा टोमणा अर्धवट खरा आहे. काही आरोपी तांत्रिक कारणांनी सुटतात, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक सुटका तशीच असते असं नव्हे. नाशिकच्या प्रकरणात वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. तो पुरावा फाइलमध्येच होता, पण सरकार पक्षाने तो दडपला. न्यायालयाने तपासातल्या दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचाही आदेश दिला.

‘पैसा पीडितांना द्या’ या चौथ्या मुद्द्याचं उत्तर याच चार जणांत आहे. ओळख पटूनही त्यांचा तपास पुढे गेला नाही. सहा गरीब आत असताना पीडित कुटुंबाला कोणता न्याय मिळाला? पीडितांसाठीही जरूर द्या, पण एकाचा पैसा दुसऱ्याच्या ताटातून जातो हा हिशेबच चुकीचा आहे.

आता मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने या सहा जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितलं. सोळा वर्षांवर वाटले तर महिन्याला सुमारे 2,600 रुपये. आणि हेही सगळ्यांना मिळत नाही. अक्षरधाम हल्ला प्रकरणात 2014 मध्ये निर्दोष सुटलेल्यांची भरपाईची मागणी 2016 मध्ये फेटाळली गेली. विधी आयोगाने 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात अशा भरपाईसाठी कायदा आणि विशेष न्यायालयं सुचवली होती. तसा कायदा झालेला नाही. त्यामुळे सुटलेल्या माणसाला घरभाडं, औषधपाणी, आधार कार्ड, काम यासाठी हात द्यायचा, तर तोही बहुतेकदा अशा संस्थांनीच.

देणाऱ्याने डोळे मिटून द्यावं असं मी म्हणत नाही. हिशेब मागा, प्रकरणं कशी निवडता ते विचारा, निकालपत्रं वाचायला मागा. चांगली संस्था ती आनंदाने पाठवेल.