आत्यानं वाजवून पाहिलेली फिल्म सिटी

आमची आत्या कुठलीही वस्तू नुसती डोळ्यांनी बघून घेत नाही. आधी वाजवते. गंगाखेडच्या बाजारात माठ घ्यायचा तर बोटाचं पेर वाकवून टकटक, टरबूज घ्यायचं तर चापट. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा तिनं पाहुण्यांच्या घराची भिंतसुद्धा वाजवली होती. "पक्कं हाय," एवढंच म्हणाली आणि माझं लग्न ठरलं. अशा बाईला सिनेमाचा स्टुडिओ दाखवायला नेऊ नये, हे मला आधी कळायला हवं होतं.

पण दिवाळीच्या सुट्ट्या होत्या आणि पोरांनी रामोजी फिल्म सिटीचा धोशा लावला होता. पोरं येणार म्हणून बायको आली. सोयाबीन नुकतंच विकून हात मोकळे झाले होते म्हणून काका आले, आणि काका निघाले म्हटल्यावर आत्यानं पिशवी भरली. पुण्याच्या माणसाला सिनेमा म्हटलं की मुंबई आठवत असेल, आम्हा परभणीकरांचं तोंड हैदराबादकडं. आजोबांच्या पिढीनं जिवावर उदार होऊन निजामाचं राज्य घालवलं, 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, आणि नातवंडं दवाखाना, बांगड्या आणि बिर्याणीसाठी पुन्हा त्याच गावाची वाट धरतात. काका तर अजूनही हैदराबादला 'आपलं जुनं ठाणं' म्हणतात, जणू तिथं त्यांची सातबाऱ्यावर नोंद आहे.

आत्याचा हेतू मात्र वेगळा होता. तो तिनं गाडीत माझ्या कानात सांगितला. रोज रात्री आठच्या मालिकेत जी सासू सुनेला छळते, तिला गाठून दोन शब्द सुनवायचे होते.

"आत्या, ती मालिका मुंबईकडं होते."

"टीव्हीचं सगळं तिथंच हाय म्हणून तूच म्हणालास की."

मी म्हणालो होतो, हे खरं. 2000 साली ई टीव्ही मराठी सुरू झालं तेव्हा त्याच्या मराठी बातम्या ह्या फिल्म सिटीतूनच वाचल्या जायच्या, एवढीच माहिती मी तिला दिली होती. त्यातून तिनं सासूचा पत्ता काढला. काकांनी त्यातून भलतंच काढलं. ते म्हणाले, "म्हणजे ती बाई 'परभणीत ढगाळ वातावरण' म्हणायची ते हैदराबादेत बसून? तरीच! तिच्या भरवशावर मी दोनदा पेरलं."

रात्र मामेभावाकडं काढून सकाळी सहा जण एका गाडीत कोंबून निघालो. विजयवाड्याच्या रस्त्याला हयातनगर मागं टाकलं की फिल्म सिटी येते. बाहेरचं खाणं आत चालत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते आत्याला फाटकाजवळ सांगण्याची चूक केली. तिच्या पिशवीत बावीस धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती आणि दह्याचा डबा होता. ती तिथंच पार्किंगमध्ये बसली, चटई टाकली आणि म्हणाली, "एक बी आत जात नसंल तर एक बी म्हागं राहायचा न्हाई." सकाळचे नऊ वाजले होते. माझ्या वाट्याला पाच आले. त्यानंतर दिवसभर मला जे जे दिसलं ते धपाट्यांच्या धुंदीत दिसलं, त्यामुळे तपशिलात चूकभूल द्यावी घ्यावी.

तिकिटाचा आकडा मी काकांना सांगितला नाही. काका कुठल्याही रकमेचं मनातल्या मनात सोयाबीन करतात आणि मग दोन दिवस जेवत नाहीत.

पण दुसरा आकडा त्यांच्या कानावर पडलाच. फाटकावरून आत न्यायला वेगळी बस असते आणि आत पोचल्यावर स्टुडिओ दाखवायला लाल रंगाची, बाजूनं उघडी बस. तिच्यात माईक घेऊन एक तरुण गाइड उभा होता. त्यानं सांगितलं की ही फिल्म सिटी रामोजी राव यांनी 1996 साली उभी केली, पसारा 1,666 एकरांचा आणि जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नोंद. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका बोटं मोजत होते.

"एकरी सात क्विंटल धर. अकरा हजार सहाशे बासष्ट क्विंटल."

"काय?"

"सोयाबीन. ह्या माणसानं रान पडीक ठेवलंय."

मग त्यांनी गाइडला विचारलं, पाणी कुठून, बोअर किती फूट लागला. गाइड बिचारा पाठ केलेलं बोलणारा. हिंदी, तेलुगू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत तो आळीपाळीनं 'डावीकडं बघा', 'उजवीकडं बघा' सांगत होता. बोअरचा प्रश्न त्याच्या तिन्ही भाषांत बसत नव्हता. "अंकल, पानी बहुत है," एवढं म्हणून त्यानं आम्हाला उजवीकडं बघायला लावलं. उजवीकडं बघेपर्यंत डावीकडचं आलं. अर्ध्या तासात माझी मान पोळ्याच्या बैलासारखी हलायला लागली.

विमानतळ आला, तुरुंग आला, परदेशातला रस्ता आला. एकाच इमारतीला वेगवेगळी तोंडं असतात, पाटी बदलली की कचेरीचा दवाखाना होतो, हे गाइडनं फार कौतुकानं सांगितलं. बाकीचे 'वॉव' म्हणाले. आत्याला काहीच विशेष वाटलं नाही. आमच्या गावच्या समाजमंदिरात सकाळी अंगणवाडी भरते, दुपारी रेशन वाटतात, निवडणुकीला तिथंच मतदान आणि एरवी शेळ्या. तेही पाटी न बदलता.

जिथं उतरायला मिळालं तिथं मात्र तिनं कामाला सुरुवात केली. पहिलं सापडलं ते एका भारदस्त हवेलीचं तोंड. मोठे दगडी खांब, नक्षी, गवाक्षं. आत्या खांबाजवळ गेली आणि तिनं पेर वाकवलं. टक टक.

"पोकळ हाय बाळा."

"सिनेमाचं सगळं पोकळच असतं, आत्या. पीओपी, प्लायवूड, फायबर. वरून रंग."

"आन् आत?"

आत काहीच नव्हतं. तोंडामागं लोखंडी सांगाडा आणि त्याच्यामागं गवत. आत्या वळसा घालून मागं जाऊन आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. "एवढा वाडा बांधला आन् मोरी न्हाई. बायामाणसांनी जायचं कुठं?" त्यानंतर दिवसभर प्रत्येक महालात, बंगल्यात आणि झोपडीत तिनं आधी मोरी शोधली. 2015 आणि 2017 साली 'बाहुबली'चे दोन भाग आले, त्यातल्या माहिष्मतीचा सेट इथं जपून ठेवला आहे. लोक तिथं तलवार उपसल्याचा आव आणून फोटो काढतात. माझा पोरगाही सिंहासनापाशी छाती काढून उभा राहिला. मागून आवाज आला, "राजवाडा म्हणं! चूल न्हाई, मोरी न्हाई, राणी नांदली कशी?" फोटोत पोरगा हसताना आलाय. बाहुबलीच्या तोंडावर ते शोभत नाही.

खरी पंचाईत लेण्यांपाशी झाली. फिल्म सिटीत बुद्धमूर्ती असलेली लेणीही केलेली आहेत. आम्ही सगळे भारावून आत गेलो. अंधार, गारवा, शांत चेहऱ्याची मूर्ती. बायको हळू आवाजात म्हणाली, "किती छान!" मी चाळीस फोटो काढले. मग माझ्या लक्षात आलं की मी जन्मभर मराठवाड्यात राहून अजिंठा पाहिलेलं नाही. वेरूळला शाळेच्या सहलीत गेलो होतो, पण बस लागल्यामुळे कैलास लेणं मी झाडाखाली आडवा पडून पाहिलं. एका अखंड डोंगरातून, वरून खाली कोरत आणलेलं देऊळ घरापाशी असताना मी तिकीट काढून परराज्यातल्या प्लास्टरपुढं हात जोडून उभा होतो. आत्यानं तोवर भिंत वाजवली होती.

काका म्हणाले, "मग आपल्याकडच्यांनी कामून एवढा डोंगर फोडत बसावं? असंच करायचं की."

"तवा पीओपी नसंल," आत्या म्हणाली.

राष्ट्रकूटांच्या कामावर याहून व्यवहारी टीका मी ऐकलेली नाही.

दुपारी ते एका दालनात प्रेक्षकांतलाच माणूस घेऊन सिनेमा कसा बनतो ते दाखवतात. एक टांगा. घोडा नाही. टांग्यात बाई बसवायची, खालून दोघांनी तो गदागदा हलवायचा आणि बाईनं चाबूक फिरवत ओरडायचं. समोरून बोलावलं तेव्हा सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. आत्या मात्र सासूचा पत्ता विचारायला म्हणून उठून उभीच होती. तिला सन्मानानं वर नेण्यात आलं.

"अम्मा, चाबुक मारो!"

"घोडा कुठाय?"

"घोडा है, मान लो."

"मान लो काय? सासरी चाळीस वर्षं मी मान लोच करत आले," असं म्हणून आत्यानं चाबूक उगारला. ऐन तारुण्यात तिनं खरी बैलगाडी हाकलेली आहे. "हुर्र, चल माझ्या ढवळ्या!" या आरोळीनं त्या दालनातला वातानुकूलित गारवा फाटला. टांगा हलवणाऱ्या दोघांना तिनं दोनदा 'बाजूला व्हा, चाकाखाली याल' म्हणून दम दिला. नंतर पडद्यावर तेच दृश्य जोडून दाखवलं तेव्हा मागं धूळ उडत होती, गुंड लागले होते, टापा वाजत होत्या आणि मध्ये नऊवारीतली आमची आत्या उधळली होती. सगळं दालन उभं राहिलं. आत्यानं पडद्याकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पदर सरकलाय. परत काढा."

काका त्या दालनातून बाहेर आले ते गप्पच. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या आणि ढगांचा गडगडाट म्हणजे हलवलेला पत्रा असू शकतो, हे मी त्यांना समजावून सांगायला नको होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मारामाऱ्यातला 'ढिशुम' तरी खरा असतो का?" त्यांच्या वयाकडं बघून मी हो म्हणालो.

शूटिंग म्हणाल तर तेही पाहिलं. परतीच्या वाटेवर गाइडनं लांब बोट दाखवून "उधर शूटिंग चालू है" म्हटल्याबरोबर सगळी बस एका बाजूला कलली. लांब एका मोठ्या छत्रीखाली एक माणूस खुर्चीत झोपला होता. तो हिरो की दिग्दर्शक यावर बायको आणि पोरांत वाद झाला. "दुपारी दोनला झोपतंय म्हणजे शेतकरी तर नव्हं," एवढा निकाल काकांनी दिला.

त्याच वाटेवर रेल्वे स्टेशन लागलं. फलाट, बाक, पाटी, रुळावर गाडी. बस थांबली नाही, नुसती हळू झाली. आत्या दांड्याला धरून अर्धी बाहेर वाकली.

"ही गाडी कुठं जाती रे बाबा?"

"कहीं नहीं जाती अम्मा. इधरीच रहती."

"वाजवायची राहिली," आत्या चुकचुकली. "तेवढी वाजवायची राहिली बगं."

संध्याकाळी पाय सुजले होते, पोरांच्या हातात न वाजणाऱ्या पिपाण्या होत्या आणि सासू काही भेटली नव्हती. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची होती. जागा मिळाल्या, पथाऱ्या टाकल्या, बासर गेलं, आणि कुठल्याशा माळावर गाडी उभी राहिली. पाच मिनिटं, वीस मिनिटं, तास. ना स्टेशन, ना दिवा. कुणी म्हणालं क्रॉसिंग आहे, कुणी म्हणालं सिग्नल. चहावाला येऊन गेला, पुन्हा आला आणि चहा संपल्यावर तोही आमच्याजवळ येऊन बसला. डब्यात सगळीकडं घोरणं सुरू झालं.

मला जाग आली ती टकटक आवाजानं. आत्या उठून बसली होती. खिडकीच्या सळ्यांमधून हात बाहेर काढून तिनं डब्याचा पत्रा वाजवला, कान लावला, पुन्हा वाजवला.

"लोखंडच हाय," ती म्हणाली. "मग सुटंना कामून?"