एका निनावी प्रतिक्रियेला (जरा लांबलेलं) उत्तर

निनावी महोदय किंवा महोदया,

टास्मानियन डेव्हिल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा एक मांसाहारी प्राणी; त्याच्यात पसरलेल्या कॅन्सरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'खुर्चीत बसून कळवळा येणं सोपं असतं. निसर्गाला त्याचं काम करू द्या. मारिया बेटावर डेव्हिल सोडून पेंग्विन संपवले, ते सोयीने गाळलंत. आणि आपल्या माळढोकाचं काय?'

मतभेदाला माझी ना नाही, पण हा सूर कशाला? लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मान्य.

आता खुर्ची. माझी सगळी नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. तिथे खुर्ची एकच असायची, तीही लंगडी. संसर्गाने पसरणारा कॅन्सर मी टेबलावर पाहिलाय. भटक्या कुत्र्यांतला टीव्हीटी, म्हणजे जननेंद्रियांवरची संसर्गजन्य गाठ! समागमात गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात आणि रुजतात. शेपटी बाजूला केली की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ, रक्त ठिबकतंय, माश्या घोंगावताहेत. आठवड्याला एकदा शिरेतून व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध दिलं की बहुतेक कुत्री बरी होतात.

डेव्हिलच्या तोंडावरची गाठ याच जातकुळीतली, पण तिच्यावर व्हिन्क्रिस्टीन चाललं नाही. मढ्यावर जमले की, माजावर आले की, एकमेकांची तोंडं फोडायची ही त्यांची रीतच. चाव्यातून पेशी जखमेत जातात. शरीराला परकेपणा ओळखू येईल अशा खुणा त्या पेशी अंगावर ठेवतच नाहीत, त्यामुळे प्रतिकारच होत नाही. गाठी वाढून खाणं अशक्य होतं आणि बहुतेक प्राणी काही महिन्यांत मरतात. 1996 मध्ये ईशान्य टास्मानियात पहिल्यांदा दिसलेल्या या रोगाने रानातले बहुसंख्य डेव्हिल नेले. 2014 मध्ये तर स्वतंत्रपणे उपजलेला दुसराच कॅन्सर सापडला. टास्मानियातल्याच फॉरेस्टियर द्वीपकल्पावर आजारी प्राणी हुडकून मारूनही पाहिले, रोग हटला नाही. मग निरोगी प्राणी वेगळे राखण्यावाचून गत्यंतर काय होतं? हे सगळं वाचून ज्याला कळवळा येत नाही, त्याने खुशाल उभं राहावं.

राहिला निसर्ग. 1830 मध्ये व्हॅन डीमेन्स लँड (टास्मानियाचं जुनं नाव) कंपनीने डेव्हिल मारायला इनाम लावलं, तेव्हा तो कुठे गेला होता?

पेंग्विन: हो, 2012 पासून टास्मानियाजवळच्या मारिया बेटावर असे निरोगी डेव्हिल सोडले आणि तिथली सुमारे 3000 जोड्यांची वसाहत गेली. वाईट झालं. पण लेख रोगावर होता, पेंग्विनवर नव्हता. पुढे.

माळढोकावर, नान्नजच्या माळरानासकट, याच ब्लॉगवर लिहिलेलं आहे. शोधायचे कष्ट घेतले असतेत तर सापडलं असतं. डेव्हिलना या रोगाची लस आमिषातून खाऊ घालण्याच्या कल्पनेबद्दल कुणी विचारलं असतं तर आनंदाने लिहिलं असतं. ते तुम्हाला सुचलं नाही.

यापुढे नाव न टाकता आलेली प्रतिक्रिया मी छापणार नाही. ही छापली, कारण उत्तर द्यायचं होतं.